कोण बोलायलंय?

गंगाखेडच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. कपाळावर मोठी टिकली नव्हती, तरी मालिकेतली सासू मी ओळखलीच. बाहेर उसाचे तुरे उन्हात डुलत होते. ती मात्र डोळे मिटून मागच्या बायकांच्या गप्पा ऐकत होती आणि पाठांतर केल्यासारखे ओठ हलवत होती.

"काय म्हणताय?" मी विचारलं.

"आमची बोली. वीस वर्षं पडद्यावर शुद्ध बोलले. परवा फोनवर तशीच बोलले, तर आई म्हणली, 'कोण बोलायलंय?'"

कंडक्टर आला. "कुठं, बाई?"

तिनं सावकाश शब्द जुळवले. "आईकडं जायलेय."

"आवो, गावाचं नाव सांगा की!"

तो वैतागला, पण तिच्या बोलण्यात त्याला वेगळं काहीच वाटलं नव्हतं. ती खुदकन हसली.