काकूंची खानावळ आणि माझं पोट

निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षांत मी नांदेडच्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होतो. घर लातूरकडे, मुरुडला. नांदेडात एक खोली आणि दोन्ही वेळेला एका काकूंची खानावळ. काकू विधवा, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या ओसरीवर दोन पंगती उठत, सगळी कचेरीतली नाहीतर शाळेतली माणसं. ती खानावळ माझ्या तोंडामुळे बंद पडली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझं पोट तेव्हा कायम बिघडलेलं असे. हल्लीचे डॉक्टर त्याला आयबीएस म्हणतात. तेव्हा वैद्य संग्रहणी म्हणत आणि कचेरीतले लोक हसत. कळ आली की हातातली मिसल, म्हणजे कागदांची फाइल, टाकून पळावं लागे. आमचे वरिष्ठ, पेशकार, चष्म्यावरून बघत म्हणत, "क्या मियाँ, फिर चले? मिसल इथं, मुन्शी नदीवर!" सगळे हसत. मीही हसल्यासारखं करी. लग्नाच्या पंगती मी सोडल्या, मित्रांकडे जाणं सोडलं. आगगाडीनं जायचं असलं तर आदल्या दिवसापासून उपाशी राही. संध्याकाळी सगळे गोदावरीच्या घाटावर गप्पा मारत, मी खोलीत पडून असे.

काकूंच्या ते लक्षात आलं होतं. मी न सांगताच त्यांनी माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवायला सुरुवात केली.

"मुन्शीजी, तुमच्यापुरत्या ज्वारीच्या कण्या शिजवून राहिले मी. ताक घालून खा. तिखट नका घेऊ."

"रोज कण्या? मी काय म्हातारा आहे?"

"म्हातारे बरे. सांगितलेलं ऐकतेत तरी."

कण्यांनी थोडं बरं वाटे, पण कळा थांबत नसत. एका हकीमसाहेबांनी नाडी धरून विचारलं, "काय काय खाता?" मी खानावळीतला एकेक पदार्थ सांगितला. दूध सांगितलं नाही. आईनं बजावलं होतं म्हणून मी रोज संध्याकाळी हलवायाकडे उभ्यानं शेरभर साईचं दूध पीत असे. ते मी लपवलं असंही नाही. दूध उपासालाही चालतं. ते खाण्यात धरायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. पोट फार बिघडलं की अशक्तपणा नको म्हणून मी शेराचं दीड शेर करी.

मग रजा घेऊन दहा दिवस मुरुडला गेलो. घरची म्हैस आटली होती. दुधाचा थेंब मिळेना म्हणून आई हळहळत होती. मी भाकरी, ठेचा, झणझणीत आमटी, सगळं खाल्लं आणि एकदाही कळ आली नाही. मी हिशेब केला: घरी बरा, नांदेडात आजारी, म्हणजे दोष खानावळीचा.

परतल्यावर पहिल्याच पंगतीला मी ताट पुढे सारलं. "काकू, तेल कसलं वापरता? डाळ कालची असते का?"

काकूंच्या हातात वरणाची पळी होती. "तेल करडईचं. घाण्यावरून मी स्वतः आणते. शिळं राहिलं तर मी खाते मुन्शीजी, तुम्हाला न्हाई वाढत."

"मग विचारा माझ्या पोटाला," मी म्हणालो.

पंगत हसली. इतके दिवस लोक मला हसत होते, आज माझ्या बोलण्याला हसले. ते मला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत तेच पुन्हा, जरा रंगवून सांगितलं. पेशकारांना आठवलं की परवा त्यांचंही पोट जड झालं होतं. मग ज्याला त्याला काही ना काही आठवू लागलं. दोन पंगतींची एक झाली, एकीची चार माणसं. काकूंनी खानावळ मोडली आणि त्या अर्धापूरला भावाकडे गेल्या.

मी दुसरीकडे जेवू लागलो. पोट होतं तसंच राहिलं. ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

पुढे माझी बदली लातूरला झाली. रझाकारांचे दिवस आले, खेड्यांतून दूध येणं बंद झालं. मी दार लावून एकटाच कण्या शिजवून खात असे. बाहेर एवढी भीती आणि माझं पोट शांत. हे मला कळेना. सगळं निवळल्यावर दूध पुन्हा येऊ लागलं आणि दुसऱ्याच दिवशी कळा सुरू झाल्या. चार दिवस दूध सोडलं, बरा झालो. पुन्हा प्यायलो, पुन्हा तेच. तेव्हा मला मुरुडची आटलेली म्हैस आठवली.

दोन वर्षांनी धीर करून अर्धापूरला गेलो. काकू अंगणात सूप घेऊन डाळ निवडत होत्या.

"मुन्शीजी ना? पोट कसं हाय?"

"बरं आहे."

"काय खाताव?"

"कण्या, ताक, मऊ भात, मुगाचं वरण."

"म्हंजे मी सांगितलेलंच की!" त्या हसल्या. मग सूप थांबलं. "मग माझ्या हातचं कामून बाधलं हो तुम्हाला? मी लई विचार केला. भांडी दोन-दोनदा घासायची मी."

दारात त्यांची भावजय उभी होती. तिनं मला सांगितलं, "आम्ही वन्संना सैपाकाला हात लावू देत न्हाई. उगं कुणाला बाधायला नको."

काकूंनी मान खाली घातली. एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "दिवसच तसे होते, काकू," आणि मोटार पकडायला निघालो.

काकू गेल्या, त्यांची भावजयही गेली. मी अजून कण्याच खातो, माझ्या खोलीत, एकटा. सुनेला वाटतं, मला एकांत आवडतो. त्या ओसरीवरचं माझ्याशिवाय कुणी उरलं असेल असं वाटत नाही. पण नांदेडातल्या एखाद्या घरात आजोबांनी सांगितलेली शिळ्या डाळीची गंमत अजून कुणाला आठवत असेल, तर त्यानं एवढं ऐकावं. डाळ त्याच दिवशीची असे, तेल ताजं असे. मला बाधत होतं ते दूध. ते मी बाहेर पीत होतो, आणि अर्धापूरच्या त्या अंगणात उभा होतो तेव्हा हे मला पक्कं ठाऊक होतं.