जुनी मराठी शिकायला जर्मनीला

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माळावरून चालून आलं की कपड्यांना कुसळं चिकटलेली असतात, तसे ते चिकटतात. घरी येऊन निवांत बसलं की एकेक टोचायला लागतं. आमची कुसळं विद्यापीठातली, एम.ए.च्या दोन वर्षांतली. तेव्हा पुण्यात जो तो जावा शिकत होता, हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आम्ही झाडाखालच्या पायऱ्यांवर बसून जुनी मराठी वाचत होतो.

वर्गात सुरुवातीला आम्ही पाच जण होतो. दिवाळीच्या सुट्टीत दोघं घरी गेले, ते थेट कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसले. उरलो तिघं. मी रंजना, चंद्रपूरची. संघमित्रा विश्रांतवाडीची, तिचे वडील खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. आणि दिगंबर धायरीचा. त्याच्या शेताच्या बांधापर्यंत बिल्डरचे बोर्ड येऊन ठेपले होते. शिकवायला कानडे सर. सर सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. इतक्या आदरानं अपमान करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मी डेक्कनजवळ कॉट बेसिसवर राहायचे. पहिल्याच दिवशी घरमालकीणबाईंनी चौकशी केली.

"कशात करताय एम.ए.?"

"जुन्या मराठीत."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "का? नवी मिळाली नाही?"

*

एक दिवस सरांनी नोटीस बोर्डावर कागद लावला. जर्मनीतल्या एका विद्यापीठाला एक मराठी विद्यार्थी हवा होता. वर्षभर राहायचं, तिथल्या मुलांना मराठी बोलायला शिकवायचं आणि त्यांच्या संग्रहातल्या पोथ्या आणि जुनी ध्वनिमुद्रणं अभ्यासायची. स्कॉलरशिप एक, आम्ही तिघं!

त्या दिवसापासून पायऱ्यांवर बसून आम्ही जर्मनीतच राहायला लागलो. ज्या गावांची नावं धड उच्चारता येत नव्हती, त्यांच्या गल्ल्यांतून हिंडायचो. नदीकाठी बाक असेल का? लायब्ररीच्या खिडकीतून काय दिसत असेल? दिगंबर विचारायचा, "बर्फ पडताना आवाज येत असंल का गं?" मग तिघंही गप्प बसून तो आवाज ऐकायचो. समोर विद्यापीठाचं वाळलेलं गवत आणि एक म्हैस!

*

आधी पासपोर्ट हवा होता. दिगंबरच्या पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार धायरीला त्याच्या घरी गेले. हा कॉलेजात. दारात पोलीस बघून आळी गोळा झाली. दिगंबरच्या आईनं तर हातातली परात टाकली.

"आवो सायेब, माझ्या पोरानं काय बी केल्यालं न्हाय! लई गरीब हाय त्यो!"

"मावशी, ऐका तर..."

"निस्ता मराठी शिकतोय वो त्यो! दुसरं काय बी करत न्हाय!"

हवालदारांनी चहा घेतला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि जाताना म्हणाले, "घाबरू नका मावशी. मराठी शिकणं अजून तरी गुन्ह्यात बसत नाही."

*

मग शिफारसपत्र. जर्मनीहून आलेल्या फॉर्मवर सरांनी एका जागी खूण करायची होती. विद्यार्थी वर्गातल्या पहिल्या पाच टक्क्यांत आहे, दहा टक्क्यांत आहे, की पंचवीस?

मी फॉर्म घेऊन गेले. सरांनी चष्मा लावला, कागद घेतला, पेन्सिलीनं हिशेब मांडला. बराच वेळ.

"रंजनाबाई, वर्गात आपण तिघं आहात."

"हो सर."

"तिघांतले पहिले पाच टक्के म्हणजे आपला एक हात आणि फार तर थोडा खांदा येतो. उरलेल्या आपल्याबद्दल मी काय लिहू?"

*

संघमित्राचा विषय होता जात्यावरच्या ओव्या. तिच्या घरातल्या बायकांनी धम्मदीक्षेनंतर देव बदलले, पण दळताना चाल तीच राहिली. जुन्या चालीवर त्या बुद्धाला बोलवायच्या. त्याबद्दल तिनं दोन पानं इंग्रजीत लिहिली आणि टाइप करायला सायबर कॅफेत गेली.

कॅफेवाल्या राजूभाऊंकडे अमेरिकेला जाणाऱ्या इंजिनिअर मुलांची तयार फाइल होती. तिच्यावरच ते सगळ्यांचे अर्ज टाइप करायचे. वरचं पुसायचं, नवं घालायचं. संघमित्राच्या वेळी शेवटचा परिच्छेद पुसायचा राहिला! ओव्यांवर दोन पानं आणि खाली, 'यंत्रांमधल्या कंपनांचं मला लहानपणापासून आकर्षण आहे.'

ई-मेल गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ती पायऱ्यांवर येऊन रडली. आम्ही काय समजूत घालणार? दिगंबर म्हणाला, "जातं बी यंत्रच हाय की." त्यावर ती आणखी रडली.

दोन आठवड्यांनी जर्मनीच्या प्रोफेसरबाईंचं उत्तर आलं. 'जात्याच्या कंपनाचा ओवीच्या लयीशी संबंध जोडण्याची आपली कल्पना आम्हाला अत्यंत मौलिक वाटली. कृपया विस्तार करावा.'

संघमित्रा तडक मावशीकडे गेली, माळ्यावरचं जातं खाली काढलं आणि आठ दिवस दळत बसली. दगडाचा फेरा आणि ओवीचा चरण खरंच एकत्र पडत होते! तिनं पंधरा पानं लिहिली. राजूभाऊ अजून सांगतात, "तो रिसर्च आपल्या कॅफेतला आहे."

*

आता माझं. हे सांगताना सगळे हसतात, मीही हसते. तेव्हा नव्हते हसले.

मुलाखत फोनवर होणार होती. डिपार्टमेंटला एकच फोन, क्लार्कच्या टेबलावर. तारीख कळवली नव्हती. आणि दिगंबरला त्या दिवसांत एक खोड लागली होती. पी.सी.ओ.वरून फोन करायचा आणि आवाज बदलून आमची फिरकी घ्यायची.

एके दुपारी क्लार्कनं मला हाक मारली. मी फोन घेतला. पलीकडून जाड आवाजात, "आपण कुशल आहात काय? मी जर्मनी देशातून भाषण करीत आहे."

"दिग्या, नाटकं पुरे!" म्हणून मी फोन आपटला.

मागे वळून बघते तर दारात दिगंबर उभा. हातात वडापाव.

पाच मिनिटांनी फोन पुन्हा आला. त्या खरंच प्रोफेसरबाई होत्या, फार सज्जन. मराठी त्या पुस्तकांतून शिकलेल्या, म्हणून तसं बोलायच्या. त्यांनी विचारलं, "दिग्या या शब्दाचा अर्थ काय होतो?" मी काय सांगितलं ते आठवत नाही. पुढचे प्रश्नही आठवत नाहीत.

निवड संघमित्राची झाली. तिची पंधरा पानं बघता ती माझ्या फोनशिवायही झाली असती, असं मी स्वतःला समजावलं. वडिलांना एस.टी.डी.वरून कळवलं तर म्हणाले, "जाऊ दे बाप्पा. काय करून राहिली आता तू? रडून राहिली का?" दोन दिवस मी वर्गात गेले नाही. तिसऱ्या दिवशी संघमित्रा खोलीवर आली आणि माझ्या कॉटवर बसून म्हणाली, "मी नाही जात."

"वेडी आहेस का?"

"मग तू चल वर्गात."

गेले. सरांनी पुस्तकातून मान वर केली नाही. म्हणाले, "या. नशीब जर्मनीहून फोन करतं आणि आपण त्याला दिग्या म्हणता. बसा. ओळ चौथी."

*

संघमित्रा जाणार हे विश्रांतवाडीत कळलं आणि विहारातल्या बायकांनी सुया हातात घेतल्या. जर्मनीत थंडी असते एवढंच सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येक गल्लीतून एक याप्रमाणे सात स्वेटर जमले! एकही मागे ठेवायचा नाही, कारण कोण रागावेल सांगता येत नाही. बॅगेत तीन बसले. उरलेले चार तिनं अंगात घातले. ऑक्टोबर हीट, मुंबईचा विमानतळ!

आम्ही काचेच्या अलीकडे उभे. ती गोल गरगरीत होऊन घाम पुसत चाललेली. तपासणीच्या बाईंनी तिला थांबवलं. "मॅडम, तब्येत ठीक आहे ना?"

"एकदम ठीक," संघमित्रा म्हणाली. "अख्खी विश्रांतवाडी अंगावर आहे!"

तिचे वडील हसले नाहीत. ती दिसेनाशी झाल्यावरही ते काचेवर हात ठेवून उभे होते.

*

मला एका आय.टी. कंपनीत नोकरी लागली. इंग्रजी सॉफ्टवेअर मराठीत आणायचं काम. माऊसचं काय करायचं, फोल्डरला काय म्हणायचं, यावर मीटिंगा! चाचणीला कुणी जाणकार हवा म्हणून मी कानडे सरांना बोलावलं. ए.सी.त सर मफलर बांधून बसले आणि एका जुन्या शब्दावर पानभर मजकूर टाइप केला. बंद करताना स्क्रीननं विचारलं, 'हे बदल साठवायचे आहेत. तुम्हाला खात्री आहे का?'

सरांनी विचार केला आणि 'नाही'वर टिचकी मारली. पान गेलं!

पुन्हा टाइप केलं. पुन्हा 'नाही'. तिसऱ्यांदाही तेच. आमचा हैदराबादचा प्रोग्रॅमर डोकं धरून बसला. मी म्हटलं, "सर, 'हो' म्हणा ना!"

"अहो, त्या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल तीस वर्षं माझं नक्की होत नाहीये. आता या यंत्राला खोटं सांगू?"

*

संघमित्रा निघायच्या आधी सरांनी तिला रस्ता समजावून सांगितला होता. "स्टेशनातून बाहेर पडलात की डावीकडे. पूल लागेल. पुलावरून उतरल्यावर दोन रस्ते फुटतात, आपण चढाचा घ्यायचा. चर्चच्या पुढे कोपऱ्यावर बेकरी आहे. तिच्यासमोरचं दार म्हणजे लायब्ररी." तिनं सगळं लिहून घेतलं. आम्हाला वाटलं, सर तिथे राहून आले असणार. विचारायचं धाडस कुणाचं?

तिचं पहिलं पत्र मीच सरांना वाचून दाखवलं. पूल होता. चढ होता. चर्च होतं. लायब्ररीचं दार सांगितलं तिथेच होतं. फक्त बेकरी बंद झाली होती, तिथे आता मोबाइल फोनचं दुकान होतं.

मी हिय्या करून विचारलं. "सर, आपण कधी होतात तिथे?"

"छे हो. एका वर्षी जायचं ठरलं होतं. नकाशा मागवला होता, तिथल्या माणसांशी पत्रव्यवहार केला होता. मग आईचं आजारपण निघालं." सर खिडकीबाहेर बघत राहिले. दुपारचं ऊन गवतावर पसरलं होतं. मग म्हणाले, "बेकरी बंद झाली म्हणता? अरेरे. तिथला पाव चांगला असायचा."

*

आता शेवटचा. हा संघमित्राचा. परत आल्यावर तिनं तो पायऱ्यांवर बसून सांगितला, तसाच सांगते.

तिथल्या संग्रहात एक जुनी तबकडी होती. खूप वर्षांपूर्वी कुणी संशोधक आपल्याकडच्या एका खेड्यात आला होता. त्यानं यंत्रासमोर एका बाईला बसवून ओव्या भरून घेतल्या होत्या. बाईचं नाव कुठे लिहिलेलं नव्हतं. गावाचंही नाही. प्रोफेसरबाईंचा या तबकडीवर फार जीव. वीस वर्षं त्या ती ऐकत होत्या. तिच्यातल्या एका ओळीवर त्यांनी मोठा लेख लिहिला होता. सगळ्या ओव्या चालीवर आणि मधेच ही एक ओळ चाल सोडून. त्यात दूध येतं. दूध म्हणजे मातृत्व, समृद्धी, वाहून जाणारं आयुष्य, असं त्यांनी मांडलं होतं. त्या लेखाचं तिकडे नाव होतं.

एके सकाळी त्यांनी संघमित्राला हेडफोन दिले. दुसरे स्वतः लावले. बाहेर बर्फ पडत होता. त्याचा आवाज येत नव्हता.

खरखर झाली, मग आवाज आला. ओव्या सुरू झाल्या. ती ओळ आली आणि संघमित्रानं हात वर केला. पुन्हा लावली. पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ही ओवी नाहीये."

"मग ते काय आहे?"

"ती समोरच्या माणसाशी बोलतेय. म्हणतेय, 'चुलीवर दूध ठिवलंय, उतू जाईल. जाऊ का मी?'"

प्रोफेसरबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. आता त्या लेखाबद्दल विचारतील, असं संघमित्राला वाटलं. त्यांनी लेखाचं नावही काढलं नाही. आपल्या त्या पुस्तकी मराठीत विचारलं,

"मग? तिला जाऊ दिले काय?"

संघमित्रानं तबकडी पुढे लावली.

पुढे आणखी तीन ओव्या होत्या.