शपथेच्या वेळी टाकीत माणूस होता

माणसाच्या श्वासाइतकी पवित्र गोष्ट या जगात दुसरी नाही.

हे वाक्य माझं आहे. एकोणीसशे नव्वदच्या आगेमागे काशीमीऱ्याच्या एका कारखान्यातल्या पर्सोनेल ऑफिसरसाहेबांना सुरक्षा सप्ताहात भाषण करायचं होतं, त्यांच्यासाठी मी ते लिहिलं. साहेबांनी ‘पवित्र’ खोडून ‘मौल्यवान’ केलं. पवित्र म्हटलं की पाहुण्यांना सत्यनारायणाची पूजा आहे असं वाटेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. ‘श्वास’ हा शब्दही त्यांना दम्याच्या औषधाच्या जाहिरातीसारखा वाटला, म्हणून तिथं ‘जीवन’ आलं. त्यामुळं वाक्यात माझं असं ‘दुसरी नाही’ एवढंच उरलं.

मी त्या कारखान्यात नोकरीला नव्हतो. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात आमच्या शेठचा टाक्यांना आतून रबर लावून देण्याचा धंदा होता. लोखंडी टाकीत ॲसिड भरलं तर ॲसिड टाकीच खातं, म्हणून आतून रबराचं अस्तर चढवायचं. मी तिथं सुपरवायझर होतो, म्हणजे पत्रं लिहायचो, माणसांची हजेरी घ्यायचो आणि काही बिघडलं की समोर उभा राहायचो. मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस या धंद्यात कसा आला हे विचारू नये. मुंबईतलं बिऱ्हाड मोडून मीरा रोडला घर घेतलं की माणूस जवळ मिळेल ते काम करतो.

त्या कारखान्यातली टाकी म्हणजे आडवं ठेवलेलं खोलीएवढं पिंप. वरच्या बाजूला माणूस जेमतेम उतरेल एवढं एकच तोंड. आधी आतून वाळूचा मारा करून गंज काढायचा. लोखंड नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखं झालं की त्याच दिवशी त्याच्यावर ब्रशनं रबराचं सोल्यूशन मारायचं आणि मग रबराचे तक्ते चिकटवायचे. त्याच दिवशी, कारण आमच्या भागाला खाडीचा वारा आणि मिठागरांची हवा. सकाळी उघडं केलेल्या लोखंडावर दुपारी चहा सांडल्यासारखे डाग दिसायला लागतात. डाग पडले की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सोल्यूशनचा वास बंद टाकीत दारूसारखा चढतो. फरक एवढाच की दारू प्यालेला माणूस बहुधा सकाळी उठतो. त्यावर आमच्याकडं दोन उपाय होते. एक ब्लोअर, म्हणजे बाहेर ठेवलेला मोठा बंदिस्त पंखा. त्याचा कापडी पाइप टाकीत सोडून ताजी हवा आत ढकलायची. दुसरा उपाय म्हणजे आतल्या माणसाच्या अंगाला बांधलेली दोरी आणि तिचं दुसरं टोक धरून टाकीवर बसलेला माणूस.

आत उतरायचा तो परभणीकडचा, चाळिशीचा, बारीक अंगाचा. त्याच्या ब्रशचा पट्टा आखल्यासारखा यायचा. दोरी धरायचा तो भाईंदरच्या किनाऱ्यावरल्या पाली गावचा कोळी, पन्नाशी उलटलेला. समुद्र सोडून तो आमच्याकडं आला होता, पण दोरीचं ज्ञान त्यानं बरोबर आणलं होतं. “दोरीला जीव हाय का न्हाय ते हाताला समजतं,” असं तो सांगायचा आणि पुढं काही समजावून सांगायचा नाही. आतला त्याला चिडवायला ‘नाखवा’ म्हणायचा, जणू टाकी ही ह्याच्या मालकीची होडी आहे.

या धंद्यात एक रीत होती, ती कुठल्याही नियमावलीत मी पाहिलेली नाही. टाकीतल्या आणि टाकीवरच्या माणसानं काम संपेपर्यंत एकमेकांना शिव्या देत राहायचं. गप्प बसायचं नाही आणि गोड बोलायचं नाही. कारण वास चढायला लागला की माणूस पहिल्यांदा मऊ होतो. कडू तोंडाचा माणूस आभार मानायला लागतो, दुसऱ्याच्या तब्येतीची चौकशी करतो. म्हणून आतून नम्र उत्तर आलं की विचार करत न बसता ओढायचं. बाहेरच्या जगात नम्रपणाला बढती मिळते. टाकीत नम्र माणसाला आम्ही काखेत दोरी घालून बाहेर काढायचो.

समारंभाच्या दिवशी सकाळीच टाकीतला वाळूचा मारा संपला होता, म्हणजे सोल्यूशन त्याच दिवशी मारणं भाग होतं. साहेबांचा हुकूम होता की कंत्राटदाराच्या माणसांसकट सगळ्यांनी सुरक्षेच्या शपथेला हजर राहायचं. मी सांगितलं, आमचे दोघं येऊ शकणार नाहीत, लोखंड उघडं आहे.

“लोखंड काय पळून जातंय का?” साहेब म्हणाले.

पळून जात नाही, गंजतं, असं मी म्हटलं. टाकी मग चार दिवस उशिरा मिळेल, हेही म्हटलं. त्यावर साहेब म्हणाले, “बघा तुमचं तुम्ही.” हा होकार होता की नकार, ते तेव्हा कळलं नाही. नंतर लेखी कळलं.

पाहुणे कुठल्याशा मंडळाचे माजी उपाध्यक्ष होते. ते दीड तास उशिरा आले. मांडवात सगळ्यांच्या छातीवर हिरवे बिल्ले होते. सुरक्षेची सुरुवात समई पेटवून झाली. समईपासून आमच्या सोल्यूशनचे डबे तीसेक पावलांवर होते, आणि त्या डब्यांवर विस्तवाचं चित्र काढून त्याच्यावर फुली मारलेली होती. ती फुली बहुधा लहान होती. मला साहेबांनी भाषणाची दुसरी प्रत घेऊन मांडवाच्या मागच्या बाजूला उभं राहायला सांगितलं होतं, पहिली उडालीबिडाली तर असावी म्हणून. तेव्हा टाकीपाशी काय झालं ते मला दोरीवाल्यानं आणि कारखान्याच्या इलेक्ट्रिशियननं मागाहून सांगितलं.

स्टेजवरचा पंखा जळाला. पाहुण्यांना घाम आला. घाम आलेला पाहुणा हा आपल्याकडं अपघातापेक्षा गंभीर प्रकार समजतात. साहेबांनी आसपास पाहिलं आणि त्यांना आमचा ब्लोअर दिसला. इलेक्ट्रिशियन तो न्यायला टाकीपाशी गेला. बिचारा ओशाळला होता. साहब ने बोला है, पंधरा मिनिट का काम है, असं म्हणाला.

“अंदर आदमी हाय,” दोरीवाला म्हणाला.

“तो उसको भी बुलाओ ना. शपथ सबको लेने का है.”

भांडायचं तर दोरी सोडायला हवी होती, आणि दोरी तो सोडत नव्हता. ब्लोअर गेला. कापडी पाइप टाकीच्या तोंडातून रिकाम्या पिशवीसारखा लोंबत राहिला. दोरीवाल्यानं आत हाक दिली, “वर ये मेल्या, तुझा वारा नेला.”

“कोणं नेला?”

“साहेबानं. पावण्याला उकडतं.”

“मग पावण्यालाच धाड की आत. लई थंडाई हाय हितं.”

“वर ये बोलतो ना.”

“एक पट्टा राह्यलाय. डाग पडल्यावर तुझा बाप येणार का घासाया?”

बाप येणार नव्हता, हे खरंच होतं. म्हणून दोरीवाल्यानं तो एक पट्टा मान्य केला. ही चूक होती आणि तिची खंत त्याला पुढं कितीतरी दिवस होती. ज्यांनी खंत करायला हवी होती ते तेव्हा खुर्चीत वारा घेत होते.

ब्लोअर स्टेजवर आला तेव्हा मी तो ओळखला. त्याच्या अंगावर आमच्याच रंगाचे थेंब होते. त्याच्या झोतानं पाहुण्यांच्या हातातले कागद उडाले आणि दोघंतिघं ते गोळा करायला धावले. मला वाटलं, अर्थातच आधी माणसाला बाहेर काढलं असणार. असं गृहीत धरणं हा शिकलेल्या माणसाचा आवडता उद्योग आहे. त्यात अंगाला काही लागत नाही. मी दुसरी प्रत हातात घट्ट धरून उभा राहिलो. मग शपथ सुरू झाली. सगळ्या कारखान्यानं उजवा हात पुढं केला आणि लाऊडस्पीकरमागोमाग एका सुरात म्हणायला सुरुवात केली.

तेवढ्यात टाकीतून आवाज आला, “अहो नाखवा, तुम्हाला वर ऊन लागत असंल. जरा सावलीला बसा. माझी काळजी करू नका.”

तीन वर्षं दोघं एकत्र काम करत होते. ‘अहो’ हा शब्द त्यांच्यात पहिल्यांदा आला होता. दोरीवाल्यानं उत्तर दिलं नाही. त्यानं दोरीला झटका दिला. दोरी आधी सैल आली आणि मग जड झाली. शेजारच्या जाड पाइपाला दोरीचा एक वेढा देऊन, होडीवर जाळं घेतात तसा तो मागं रेलला आणि ओरडला. तो काय ओरडला ते कुणालाही ऐकू आलं नाही, कारण त्या वेळी आम्ही सर्व जण सुरक्षेचं पालन करण्याचं वचन देत होतो.

मला तो दिसला. पुढं केलेल्या हातांच्या वरून, टाकीवर जवळजवळ आडवा झालेला माणूस. मी धावलो. माझ्यामागं आणखी कुणाची तरी पावलं वाजली; तो इलेक्ट्रिशियन होता, शपथ अर्धी टाकून आलेला. तिघांनी मिळून आतल्याला वर काढलं. ब्रश अजून त्याच्या मुठीत होता.

त्याला मोकळ्यावर निजवलं, पाणी मारलं. तो ओकला. मग डोळे उघडून माझ्याकडं बघत म्हणाला, “साहेब, माफ करा, पट्टा अर्धा राहिला.” ते ऐकून आमचा जीव अधिकच घाबरला. दोरीवाला त्याच्या उशाशी बसून त्याला हलवत होता. “शिवी दे रे. एक तरी दे.” आतला नुसता हसत होता, लहान मुलासारखा. मांडवात माझं भाषण सुरू झालं होतं. माणसाच्या जीवनाइतकी मौल्यवान गोष्ट या जगात दुसरी नाही, हे साहेबांनी फार चांगलं म्हटलं, टाळ्या पडल्या.

पाऊण तास गेला असेल. मग तो कुशीवर वळला आणि दोरीवाल्याला एक शिवी दिली. पालीपासून शेजारच्या डोंगरी गावापर्यंतची त्याची सगळी भावकी, त्यांची होडी आणि त्यांची सुकी मासळी हे सगळं तिच्यात आलं होतं. ती इथं लिहिता येण्यासारखी नाही, पण त्या भाषणात मी एकही वाक्य तिच्याइतकं नेमकं लिहू शकलो नव्हतो. दोरीवाल्यानं मान खाली घातली आणि रुमालानं तोंड पुसत राहिला.

कारखान्याची गाडी पाहुण्यांना सोडायला गेली होती. आम्ही रिक्षा करून नाक्यावरच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर मला दाखवायला आणण्याची गरज पडली नसती. चार दिवस घरी निजवा, असंही म्हणाले.

संध्याकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “पण झालं काही नाही ना?” असं विचारलं. मग म्हणाले, “ब्लोअर तुमचा होता. तुमच्या माणसानं द्यायलाच नको होता.” यावर मी त्यांना काय काय सुनावलं ते मला आजही शब्दशः आठवतं. दुर्दैवानं ते सगळं मी घरी जाताना, चालत्या रिक्षात, मनात सुनावलं.

तीन दिवसांनी शेठच्या नावानं पत्र आलं. आपले दोन कामगार सामूहिक शपथेस विनापरवाना गैरहजर होते. ही गंभीर बेशिस्त आहे. त्यांनी शपथ घेतल्याखेरीज त्यांचे गेटपास पुढं चालू ठेवता येणार नाहीत. मी दीड पानाचं उत्तर लिहिलं. त्यात समई होती, ब्लोअर होता, पाइपाला दिलेला वेढा होता. शेठनं ते दोनदा वाचलं, चांगलं लिहिलंय म्हणाला आणि खणात ठेवून दिलं. “अब दूसरा लिख,” तो म्हणाला, “छोटा.” मी छोटं लिहिलं. त्यात दिलगिरी होती. ते माझ्या अक्षरात आहे आणि त्याची मला लाज आहे.

परभणीवाला पाचव्या दिवशी कामावर आला. त्यानं एकच अट घातली: दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात असेल तर मी उतरणार नाही. म्हणजे दोघांचेही पास हवे होते. दिलगिरीच्या पत्रावर त्या एका दिवसापुरतं आत सोडलं होतं, पुढच्या पासासाठी शपथ हवी होती. साहेबांचा निरोप आला की अकरा वाजता केबिनमध्ये पाठवा. तोवर परभणीवाला आत उतरला होता. मी टाकीवर जाऊन दोरीवाल्याला सांगितलं, आधी तू जा, मग हा जाईल. तुझ्यामागं दोरी मी धरतो.

त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं.

“तुम्ही पत्रं लिवा,” तो म्हणाला.

आतून एक शिवी आली. तिला त्यानं उत्तर दिलं आणि दोरी होती तशीच धरून बसला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, साहेबांचा शिपाई दोनदा येऊन गेला.

शेवटी दोघांनी शपथ जेवणाच्या सुट्टीत घेतली. तिला साडेचार मिनिटं लागली. सुट्टी संपल्याची घंटा नेहमीच्या वेळेलाच झाली.