तांबेकाकांचे तयार भाग

नवं काम आलं की तांबेकाका लगेच कॉम्प्युटरला हात लावत नसत. आधी एक जाड वही उघडत. प्रोग्रामचा नाव-पत्त्याचा भाग, तारीख तपासण्याचा भाग, यादी छापण्याचा भाग, असं पूर्वी बनवलेलं काय काय कोणत्या फ्लॉपीवर आहे ते तिच्यात लिहिलेलं असे. हे जुने भाग जोडून ते नवा डेटाबेस उभा करत आणि जे कुठेच सापडलं नाही तेवढंच नव्यानं लिहीत.

काका मूळचे गिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादम. गिरण्यांचा संप लांबला, त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही आणि चाळिशी उलटलेला हा माणूस मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर कॉम्प्युटरच्या क्लासात जाऊन बसला. हिंदमाताजवळच्या पोटमाळ्यावरच्या, लोकांना डेटाबेस बनवून देणाऱ्या आमच्या ऑफिसात मी लागले तेव्हा ते सगळ्यांचे वरिष्ठ होते. बोलण्यातली मालवणी मात्र सुटली नव्हती.

मला त्यांची ही रीत आळशीपणाची वाटे. काकांच्याच गिरणीतल्या कामगारांच्या करी रोडच्या समितीची सभासदयादी मी अगदी पहिल्यापासून माझ्या पद्धतीनं लिहिली. काकांच्या भागात नाव, बापाचं नाव, आडनाव वेगवेगळं असे; माझ्या यादीत पूर्ण नाव एकाच रकान्यात.

काकांनी ती पाहिली. "अगो, नावाचो भाग तयार आसा मा? प्रत्येक साडीक नवो माग बांधतंस काय?"

"काका, चालतंय ना माझं!"

"आज चालतला. उद्या जोडूची पाळी इली काय समजात."

ती पाळी काही वर्षांनी आली. बंद गिरण्यांच्या कामगारांना घरं देण्याची बोलणी सुरू झाली आणि पाच समित्यांना मिळून एकच यादी द्यायची होती. मुदत चार दिवसांची. पाचही याद्या आमच्याकडेच झालेल्या. काकांच्या भागांवर उभ्या असलेल्या चार याद्या दुपारपर्यंत एकमेकींत मिसळल्या. पाचवी माझी. कुठे आडनाव आधी, कुठे बापाचं नाव नाही, कुठे नुसतंच 'बाबू गणू'. शेकडो माणसं. यादीतून सुटला तो घरालाही मुकला, हे समजत होतं. मला रडूच आलं.

काकांनी खुर्ची ओढली. "वाच. मी सांगतंय."

मी नाव वाचायची. ते डोळे मिटून म्हणायचे, "बाबू गणू... परब. साचेखात्यात मागार होतो. बापूस गणपत. घाल." जी नावं त्यांना आठवली नाहीत, त्यांच्यासाठी चाळीचाळीत निरोप गेले. तीन दिवस हेच चाललं. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. यादी वेळेत पोचली.

त्या गडबडीत अपुरी नावं आपोआप वेगळी काढणारा एक छोटा भाग मी लिहिला होता. काकांचाही तसा एक होता, जुना, पण एकाच रकान्यात कोंबलेल्या नावांवर तो चालत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा भाग ओळ न् ओळ वाचला, दोनदा चालवून पाहिला. मग सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सर्वांदेखत स्वतःचा पुसून त्या जागी माझा ठेवला.

"माझो गेलो. आतापासून सगळ्यांनी ह्यो वापरूचो."

"काका, तुमचा राहू दे ना," मी म्हटलं.

"कित्याक? तुझो बरो आसा."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. काम मला दुसऱ्या कुणीही शिकवलं असतं. पण आपल्याहून बरं दिसताच स्वतःचं इतक्या आनंदानं पुसून टाकणारा वरिष्ठ मला पुन्हा भेटला नाही.