उरलेली चारोळी

परवा बासुंदीतली चारोळी दाताखाली आली आणि गडचिरोलीचं ते ऑफिस आठवलं.

तिथल्या बचत गटाच्या बाया जंगलातली चारोळी विकायच्या. एकाच इंटरनेट जोडणीवर त्यांचे चारही कॉम्प्युटर चालावेत म्हणून मी मधे लिनक्सचं एक मशीन बसवलं होतं. त्या सकाळी चंद्रपुरात बसूनच, इंटरनेटवरून, मी त्याची फायरवॉल, म्हणजे आत-बाहेर जाणाऱ्यांवरचा पहारा, कडक करायला गेलो. आधी सगळ्यांची वाट बंद करायची, मग आपल्या माणसांना सोडायचं, असा बेत होता. आदेशाची पहिली ओळ टाकली आणि माझीच वाट बंद होऊन मी बाहेर राहिलो. तिकडे त्यांचंही इंटरनेट बंद पडलं. फोनही लागेना.

एसटीने पोचेपर्यंत दुपार टळली. खोलीभर पोत्यांतल्या चारोळीचा तेलकट गोड वास होता. एक ओळ बदलली, सगळं सुरू झालं. गटप्रमुख शकुंतलाबाईंनी मेल उघडला. नागपूरच्या व्यापाऱ्याने दुपारपर्यंत होकार मागितला होता. होकार न आल्यामुळे त्याने माल दुसरीकडून घेतला होता.

"बाई, हे माझ्यामुळे झालं. चंद्रपुरातून मीच बंद पाडलं."

"तुमी काऊन बंद पाडाल भाऊ? आमच्यासाठी एवढ्या दुरून आले. जेवले का नाई?"

मी पुन्हा सांगू लागलो, तोवर त्यांनी ताट वाढलं. निघताना हातात चारोळीची मोठी पुडी ठेवली.

"घरी न्या. आता उरलीच हाये."

त्यांना माझं बोलणं कळलंच नाही, अशी मी परतीच्या बसमध्ये स्वतःची समजूत घातली होती. परवा तो दाणा चावताना वाटलं, बाईंना सगळं कळलं होतं.