दोन गोण्यांची जागा

हमालाला मी फारसा ओळखत नव्हतो. एकाच जिन्यावर समोरासमोर राहिलो, एकाच शेडमध्ये राबलो, पण त्याला भावंडं किती हेही मी कधी विचारलं नाही. तो गेल्यावर त्याची लेक म्हणाली, "काका, तुम्हीच चार ओळी लिहा." मला लिहिता येत नाही. पण राग गिळवतही नाही.

आमच्या शहरातून शेजारच्या शहरात जाणारी, चुंबकावर तरंगत धावणारी गाडी तयार होत होती. चाचणीला तिच्यात माणसं नसत. खुर्चीखुर्चीवर माणसाच्या वजनाची वाळूची गोणी. त्या चढवायच्या, उतरवायच्या, हे हमालाचं काम. गोणीला पट्टा बांधताना म्हणायचा, "बसा बाई, ऐसपैस बसा. मजा आहे तुमची."

त्याच्या बायकोच्या, वहिनींच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. बसचा एक धक्काही तिला सोसत नसे. लेक त्या शेजारच्या शहरात बाळंत झालेली, आणि आजीनं अजून नात पाहिली नव्हती. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, पहिल्या फेरीत कामगार जोडीनं बसतील. वहिनींनी बाळाला टोपी विणून ठेवली.

पहिल्या फेरीच्या दिवशी पाहुणे आले, पाहुण्यांचे मेहुणे आले, मेहुण्यांचे शेजारीही आले. हमालानं सगळ्या गोण्या उतरवल्या, दोन तेवढ्या जागा धरायला ठेवल्या. साहेब म्हणाले, "तुमचं पुढच्या फेरीला बघू. त्या दोन काढ."

"नाही काढत."

"अरे, पाहुणे उभे आहेत!"

"माझी बायकोपण उभीच आहे, कमरेला पट्टा बांधून. पाहुण्यांनाच उचलू दे. हात आहेत ना, का नुसते टाळ्यांपुरते?"

पहारेकऱ्यांनी त्याला दंडाला धरून वहिनींदेखत बाहेर काढलं. गाडी सुरेख धावली. कुणाच्या पोटातलं पाणीही हललं नाही म्हणे. पुढची फेरी काही झाली नाही. गाडी ताडपत्रीखाली पडून आहे आणि साहेबांना बढती मिळाली. लिहू नये, पण थू!

हमालाची नोकरी गेली. टोपी घेऊन तो एकटाच बसनं लेकीकडे निघाला. तिथं नातीला मांडीवर घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी छातीत कळ येऊन गेला. वहिनींना तेव्हाही जाता आलं नाही.

तो निघाला तेव्हा त्याला स्टँडवर सोडायला मी गेलो होतो. बस हलली तसं त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"गॅस बंद केलाय का बघ रे तेवढं. तिला वाकता येत नाही."

"बघतो. तू डोकं आत घे आधी."