फायबरची कूस आणि सुभाषचा दुपट्टा

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग लडाखला होती. इंजिनियर रेजिमेंट, हुद्दा हवालदार. पोस्टवर राहायचे हट (झोपड्या) फायबरग्लासचे. वाऱ्याने पॅनल फुटले की कापून नवे बसवायचे, हे रोजचे काम. कापताना हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या. नंतर अंग चोळायचे नाही, ही ऑर्डर. चोळले की काचेची कूस, म्हणजे केसासारखे बारीक तंतू, कातडीत शिरते.

निवृत्तीनंतर गावी, वर्ध्याजवळच्या देवळीला आलो. या उन्हाळ्यात धाकटा भाऊ सुभाष फायबरच्या कूलरला ग्राइंडरने भोक पाडत होता. हात उघडे, तोंडाला दुपट्टा. मी चष्मा दिला. त्याने तो खिशात ठेवला.

"दादा, हे काय बॉर्डर हाये?"

काम झाल्यावर त्याने तोंडाचा दुपट्टा सोडला आणि त्यानेच हात खसाखसा पुसले. मग तोंड. मग उजवा डोळा.

"फेक तो! हात खाली!"

"खाजून राह्यलं ना पण!"

आधी डोळा. नळाच्या संथ धारेखाली पंधरा मिनिटे उघडा धरायला लावला. चोळायला गेलेला हात मी पुन्हा पुन्हा पकडला. त्याची बायको सुनीता हळद-तेल घेऊन आली. परत पाठवले.

"मले काय लहान पोरगं समजतं?"

"पोरगं ऐकते तरी."

डोळा टोचतच होता. सेवाग्रामच्या दवाखान्यात जायचे ठरले. शेजाऱ्याची गाडी येईपर्यंत त्याचे हात साफ करायला घेतले. साबणपाणी नुसते वाहू दिले. हात वाऱ्यावर सुकवले. चिकटपट्टी हलकी दाबून सरळ वर उचलली, दर वेळी नवा तुकडा. दिसणारी कूस भिंगाखाली, स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने काढली. खोल गेलेली डॉक्टरांसाठी ठेवली. कपडे सुनीताने वेगळे धुतले.

गाडीत त्याचा हात पुन्हा डोळ्याकडे गेला. मी काही बोलण्याआधी त्याने विचारले, "हे पट्टीचं कोणी शिकवलं तुले?"

"नायक जगतापनं. आमच्याच सेक्शनचा."

"आता कुठं असते?"

"गेला. पुढच्या पोस्टवर हट दुरुस्त करायले गेलता. वायरलेस सेटवर बोलला, 'पॅनल बसलं. परत निघतो. ओव्हर.' वाटेत हिमकडा कोसळला."

सुभाषने हात मांडीवर ठेवला. सेवाग्राम येईपर्यंत उचलला नाही. डॉक्टरांनी डोळ्यातला तंतू काढला, थेंब दिले. नजर शाबूत आहे.

जगताप आम्हाला बर्फ वितळल्यावर सापडला. तोवर रोज सकाळी सेट लावला की आम्ही एकदा त्याचा कॉल साइन, सेटवरचे त्याचे नाव, पुकारत असू.